कपाटातल्या नऊ वह्या

६ मे, दहिवडी

घसा बसला! नऊच्या नऊ जणांना आज पुन्हा समजावलं. मेंढ्यांची औषधं विकत वाड्यावस्त्या फिरता ना, मग कुणाकडं गेलात, काय दिलं, पुन्हा कधी जायचं — एवढंच ॲपात भरायचं. नाव, फोन, तारीख. बास! सगळे नंदीबैलासारख्या माना हलवतात. बाहेर पडले की खिशातली वही काढून तिच्यात लिहितात.

नोंदणी अकरा टक्के.

साताऱ्याहून उदयसिंह साहेबांचा फोन. "राजनंदिनी मॅडम, महिनाअखेर शंभर टक्के दिसले तर तुम्ही कायम. नाहीतर ते पद ठेवून मी करू काय?" कायम झाले तर इथं खोली घेईन, सोनियाला आणीन. सात वर्षांची पोर कोरेगावला मामाच्या घरात पाहुण्यासारखी राहते. काल फोनवर म्हणाली, "मम्मी, मामी रागावली नाही हं आज."

९ मे

दिवसात पाच नोंदी करील त्याला पेढे, असं जाहीर केलं. तानाजीनं पाच केल्या. पाचही स्वतःच्या मेहुण्याच्या! पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

१३ मे

सगळ्यांचं एकच — "भाऊसोनं भरलं की आमी भरतो." आणि भाऊसो भरत नाहीत! सव्वीस वर्षं या धंद्यात. कुणाची मेंढरं कुठल्या माळावर बसलीत, सगळं त्या माणसाला ठाऊक. आज त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसले, म्हटलं बघू कसे भरत नाहीत ते.

पळशीकडच्या माळावर गेलो. रंगुबाईंच्या सत्तर मेंढ्या. आंत्रविषाराची लस टोचली. पावसाळ्यात कोवळं गवत खाल्लं की या रोगानं मेंढरं उभ्या उभ्या कोसळतात म्हणे. पंधरा दिवसांनी दुसरी लस द्यावीच लागते, नाहीतर पहिली फुकट. रंगुबाई भाऊसोंना म्हणाल्या, "आवं, ह्या बाईला कशापायी उनात आणलंय?" आणि मला आधी चहा दिला, मग स्वतः घेतला.

तिथंच मोबाईल उघडला. फोन नंबर? रंगुबाईंना स्वतःचा पाठ नाही. "नंबर कशाला लागतोय? भाऊसो येत्यातच की!" भाऊसो म्हणाले, "ह्यांच्या नवऱ्याचा, मल्हारचा, हाय माझ्याकडं. पर त्यो मुंबईला असतोय, माथाडीत."

चालेल, म्हटलं. रकाना रिकामा राहिला तर नोंद होत नाही. टाकला मल्हारचा. झाली एकदाची भाऊसोंची पहिली नोंद!

१९ मे

अठ्ठावीस टक्के. जेवण जात नाही.

२० मे

आज नको ते केलं. नऊ वह्या गोळा केल्या, लोखंडी कपाटात घातल्या, कुलूप लावलं. आठ जणांनी कुरकुर करत दिल्या. भाऊसो देईनात. "ताई, ती वही न्हाई, माजं डोकं हाय. काढून ठिऊ व्हय?"

मी म्हटलं, "काका, ॲप विसरत नाही. तारीख आली की आपोआप गिऱ्हाइकाला मेसेज जातो, आणि कुठं जायचं ते रोज सकाळी तुम्हालाही सांगतं. तुम्ही काही ध्यानात ठेवूच नका!" ऐकेनात. मग रडलेच मी. सगळ्यांसमोर, हात जोडून. सोनियाचं सांगितलं. तेव्हा त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "पोरीसाठी देतोय," म्हणाले.

२४ मे

भाऊसो एका बोटानं एकेक अक्षर शोधतात. आज एकवीस नोंदी केल्या. ते भरतात बघून बाकीचेही भरायला लागले. पाऊस औंदा भलताच लवकर आलाय.

३१ मे

शंभर टक्के!!! साहेब म्हणाले, "तेरा तारखेला दहिवडीला येतोय, पत्र घेऊनच येतो." सोनियाला फोन केला. दप्तर आत्ताच भरून ठेवते म्हणाली.

११ जून

रंगुबाई ऑफिसात आल्या. एकतीस मेंढ्या मेल्या. चार दिवसांत एकतीस.

ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या. "दुसऱ्या लशीला कुणीच आलं न्हाई. भाऊसो चुकायचं न्हाईत म्हणून मी दुसरीकडं गेलेच न्हाई."

ॲप उघडलं. २८ मे — मेसेज पोहोचला. काम पूर्ण. हिरवी खूण. मेसेज गेला मुंबईला, मल्हारला! फोन लावला तर तो म्हणतो, "इंग्रजीत काय तरी आलं हुतं. जाहिरात वाटली मला." आणि मेसेज पोहोचला म्हणजे काम झालं असं धरून ॲपनं त्या दिवशी भाऊसोंना दुसऱ्याच टोकाला धाडलं.

कपाट उघडून भाऊसोंची वही काढली. वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय — "रंगुबाई. दुसरी लस २८. सकाळी मेंढरं सुटायच्या आत जाणे."

देवा, मी काय करून बसले! ती वही खिशात असती तर तो माणूस पावसातसुद्धा गेला असता. परवा साहेबांना सगळं खरं सांगणार. नंबर मी टाकला, वह्या मी कोंडल्या. पद गेलं तर जाऊ दे.

१३ जून

रंगुबाईंच्या मेंढ्यांचं साहेबांच्या कानावर आधीच गेलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं, चूक कुणाची? भाऊसो म्हणाले, "माझी, साहेब. ध्यानातनं गेलं."

त्यांना उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. मला पत्र दिलं. मी "थँक्यू सर" म्हणाले.