झुडपामागची खुर्ची

३ मे, सकाळी सात
ठरलं. यंदा कंजूष म्हातारा मी करणार.
दर उन्हाळ्यात वाचनालयामागच्या हिरवळीवर आम्ही ते इटालियन पद्धतीचं मुखवट्यांचं प्रहसन करतो. अठरा वर्षं म्हातारा दादानं केला आणि अठरा वर्षं डावीकडच्या झुडपामागे खुर्ची टाकून मी प्रॉम्प्टिंग केलं. दादा हिवाळ्यात गेला. दिग्दर्शन ग्रंथपालबाईंचं. त्या भूमिका सलूनवाल्याला देणार होत्या. मी म्हटलं, घरातली गोष्ट घरात राहू दे. त्या म्हणाल्या, बरं, पण पहिल्या प्रयोगाला हशा आला नाही तर दुसऱ्यापासून सलूनवाला.
हशा येणारच. दादाला एक वाक्य धड आठवायचं नाही. मी होतो म्हणून निभावलं. मला अख्खी संहिता पाठ आहे.
संकल्प : रोज पहाटे उठून तासभर तालीम.

४ मे, सकाळी साडेनऊ
उठायला उशीर. संकल्प उद्यापासून.

६ मे, दुपार
वहिनींकडून मुखवटा आणला. चामड्याचा, अर्धा, बाकदार नाकाचा. दादाच्या चेहऱ्यावर बेतून केलेला. वहिनी म्हणाल्या, भावजी, जपून हं, ह्यांच्याशिवाय तो कुणाला बसलेला नाही. मी म्हटलं, सख्खा भाऊ आहे मी.
घालून पाहिला. नाकाला घट्ट, कपाळाला सैल. आत दादाच्या तेलाचा वास. बोललं की आपलाच आवाज जरा उशिरा ऐकू येतो, आपलं बोलून झाल्यावर दुसऱ्यानं बोलल्यासारखा.
चामड्याचा दोष.

९ मे, सकाळ
मुखवटा भिंतीकडे तोंड करून खुंटीला टांगला होता. उठून पाहतो तर तोंड माझ्याकडे. पंख्याच्या वाऱ्यानं फिरला असणार. पंखा बंद होता, पण परवा चालू होता.

१२ मे, संध्याकाळ
तालीम. बाईंनी विचारलं, प्रॉम्प्टर कोण? मी म्हटलं, मला लागत नाही. खुर्ची मात्र असू द्या तिथं, बरं दिसतं.
दुसऱ्या अंकात झुडपामागे कुणीतरी घसा खाकरला. नेमका मी जिथं खाकरायचो तिथं. जाऊन पाहिलं. खुर्ची रिकामी. सलूनवाला म्हणाला, काका, ऊन लागलंय, टोपी घालत जा.
उद्यापासून टोपी.

१५ मे
टोपी घातली होती. तरी खाकरला.
एकही वाक्य चुकलं नाही माझं. कुणी हसलं नाही. तालमीत कोण हसतं?

१८ मे, प्रयोगानंतर
दोनशे माणसं. पाठांतर चोख.
दुसऱ्या अंकात म्हातारा हरवलेली किल्ली शोधतो. दादा दरवर्षी तिथंच अडकायचा. मी झुडपातून सांगायचो, कोटाच्या खिशात. तरी याला ऐकू यायचं नाही. मग मी ओरडायचो, आणि हा झुडपाकडे वळून म्हणायचा, गप रे, म्हातारा तू की मी? संहितेत नसलेलं काहीबाही. लोक पोट धरून हसायचे. मला त्याच्या फजितीची लाज वाटायची.
आज मी न अडकता किल्ली काढली. आणि त्याच क्षणी दोनशे माणसं डावीकडे वळली. झुडपाकडे बघत राहिली. मीही बघितलं. बराच वेळ. मग एकेक जण परत माझ्याकडे वळला.
हशा नाही. त्या बाजूला सूर्यास्त फार छान दिसतो, त्यामुळे लक्ष गेलं असेल.

१९ मे, दुपार
बाईंचा निरोप आला : उद्यापासून सलूनवाला.
वहिनींनी माझ्या बाजूनं बोलावं म्हणून गेलो. त्या इस्त्री करत होत्या. म्हणाल्या, भावजी, ह्यांना अख्खं नाटक पाठ होतं. इथं उभं राहून सगळ्यांची कामं म्हणायचे, तुमच्या खाकरण्यासकट. तुम्ही ओरडावं म्हणून चुकायचे. एका वर्षी तुम्हाला ताप आला, तर ह्यांनी पोटदुखीचं निमित्त काढून प्रयोग रद्द करायला लावला.
ती पोटदुखी मला आठवते. तापात मीच औषध नेऊन दिलं होतं.
वहिनी दुःखात आहेत. अशा वेळी माणूस काहीही बोलतं.
घरी येऊन अठरा वर्षांच्या संहिता काढल्या. दादाच्या चुकांवर मी तांबड्या पेन्सिलीनं खुणा करायचो. दरवर्षी त्याच जागा. योगायोग.

२० मे, प्रयोगानंतर
संहिता घेऊन झुडपामागे जाऊन बसलो. कुणीतरी बसायला हवंच.
सलूनवाल्याला मुखवटा बरोबर बसला. पाठांतर उत्तम. किल्लीची जागा आली. तो अडकला नाही, किल्ली काढली. तरी मी ओरडलो, कोटाच्या खिशात. दोनशे माणसं वळली. सलूनवाल्यानं झुडपाकडे बघून मान हलवली, थँक यू काका म्हणाला आणि पुढचं वाक्य घेतलं. बिनचूक.
मी पुन्हा एकदा सांगितलं. जरा हळू.