पाच नंबरची नळी

३ फेब्रुवारी
दिवसभर घळईत. नदी खडक कापत खाली खाली जाते आणि जाताजाता कडेला वाळूचे टप्पे सोडते – म्हणजे जितकं उंच तितकं जुनं. इतकं साधं! पाच टप्पे, पाच लोखंडी नळ्या. ड्रायव्हरनं त्या वाळूत ठोकल्या; आत भरलेल्या वाळूचं वय प्रयोगशाळा काढणार. चिठ्ठ्या मी घरूनच लिहून नेलेल्या: पाण्यालगत एक, माथ्यावर पाच. चष्मा जीपमध्ये राहिला. "आणून देऊ का साहेब?" म्हणाला. म्हटलं, वीस वर्षं वाळू बघतोय, चष्मा कशाला?

४ फेब्रुवारी
गुडघे बोलतायत. ही म्हणते, "नदीला घाई नाही, तुम्हालाच कसली?"

२० मार्च
प्रयोगशाळेचा निकाल आला. माथ्यावरची वाळू नऊशे वर्षांची, पाण्यालगतची बेचाळीस हजारांची! म्हणजे नदी आधी तळाशी होती, मग डोंगर चढून वर गेली. वा! बैठकीत डायरेक्टर मॅडम थंडपणे म्हणाल्या, "नवीनच शोध लावलात." सगळे खो खो हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ मार्च
एक आणि पाचच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय, दुसरं काय! कोणी लावल्या ते आठवत नाही. पण मी काही इतका गाढव नाही. ड्रायव्हरला झापलं. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मी नुसत्या ठोकल्या." चूक कबूल करेल तर शपथ!

२३ मार्च
मॅडमना लेखी दिलं – निष्काळजीपणा ड्रायव्हरचा. त्याचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, आता वाढवणार नाहीत. बारा वर्षं सोबत होता, मुलगी कॉलेजात आहे. वाईट वाटलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र! आकडे जागच्या जागी लावले, आलेख सुतासारखा सरळ आला. रात्री दोन घास जास्तच गेले.

३१ मार्च
ड्रायव्हर जीपची किल्ली देऊन गेला. "उन्हात टोपी घालत जा साहेब," म्हणाला. मी फाइलीत डोकं घातलं.

२ एप्रिल
ड्रायव्हरनं मोबाइलवर फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, "साहेब, आठवण म्हणून."
घळईतला मी. बूट पाण्यात, चष्मा नाही, तोंडभर हसू. नळीवर चिठ्ठी चिकटवतोय. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात ठसठशीत पाच.
चष्मा पुसून तीनदा पाहिलं. लाज वाटली, फार. मॅडमना दुसरं पत्र लिहायला बसलोय. तारखेच्या पुढे हात सरकत नाही.