मधल्या सुट्टीतले पेरू

५ जानेवारी
बिस्किटं बंद! आजपासून शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलांना फळं. स्वयंपाकघर मी सांभाळते, पण शेवटचा शब्द मुख्याध्यापिकांचा — मोठ्या बाईंचा. त्यांचा होकार मिळवताना नाकी नऊ आले. महिनाअखेरपर्यंत मुदत. मुलांनी फळं टाकली तर बिस्किटं परत. टाकतील कशाला? मी आहे ना!

७ जानेवारी
बाजारात सफरचंदं मेण लावून चमकत बसलेली. झाडावरून कधी उतरली, त्यांनाच ठाऊक. मी ढुंकूनही पाहिलं नाही. सध्या दिवस पेरूचे — ताजे, स्वस्त, आणि ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त. सकाळीच सोलून, बिया काढून एकसारख्या फोडी करून ठेवल्या. पाहत राहावं अशा!

८ जानेवारी
काल आणि आज, दोन्ही दिवशी अर्ध्याहून जास्त फोडी कचऱ्यात.

१३ जानेवारी
संत्री झाली, पपई झाली. कचऱ्याचा डबा भरतोच आहे. मोठ्या बाई त्यात डोकावून गेल्या. 
भिंतीवर तक्ता लावला, कुठल्या फळात काय असतं त्याचा. मुलांनी पपईला मिशा काढल्या. मिशा छान जमल्यात, हे कबूल.

१९ जानेवारी
नवऱ्यापुढे तावातावाने गाऱ्हाणं मांडत होते. बोलता बोलता हातातला पेरू सालीसकट कचाकच खात होते. तो बघतच राहिला.
“तुला कुणी तासन्‌तास ठेवलेली काळपट फोड दिली, तर खाशील?”
आधी राग आला, मग हसू. फोडी सकाळी चिरायच्या आणि मधल्या सुट्टीत वाढायच्या, त्या मरगळणारच! वर सालीबरोबर मी चोथा आणि जीवनसत्त्वही फेकत होते. आहारशास्त्र शिकलेली बाई मी. कपाळ माझं!

२० जानेवारी
सुरीला सुट्टी. लहान लहान अख्खे पेरू धुऊन टोपलीत ठेवले. ज्याचा त्याने निवडावा. मुलं तुटून पडली! कचऱ्यात नुसते देठ.

२७ जानेवारी
रोज टोपली रिकामी. पेरूंबरोबर आता द्राक्षंही यायला लागलीत. मोठ्या बाई शुक्रवारी निकाल सांगणार आहेत.  जिंकणार मीच, आत्ताच लिहून ठेवते.

३० जानेवारी
आज मधल्या सुट्टीआधीच पेरू गायब! देठ पाचवीच्या बाकांखाली सापडले. मोठ्या बाईंनी निकाल दिला — फळं चालूच राहणार, पण सोमवारपासून फळांच्या कपाटाला कुलूप.
बिस्किटांना कधी लागलं नव्हतं!