वेरा नेलच्या नावावरची हरणं

मी, वेरा नेल टॅकेट, हर्शेल टॅकेटची बायको, राहणार पाइन फोर्क, राज्य आर्कान्सा, हे मृत्युपत्र चर्चच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण मृत्युपत्राला डोकं पुरतं, हे माझी चर्चमधली मैत्रीण लॉरीन हिने वकिलाला विचारून घेतलं आहे. माझ्यावर आत्ता कोणाचं दडपण नाही. ज्याचं असतं तो ओढ्याकाठी मचाणावर बसला आहे, माझ्या लायसन्सवर.

१. वडिलांकडून मला मिळालेलं ओढ्याकाठचं जंगल मी माझा मुलगा डॉयल याला देते. तिथल्या मोठ्या ओकवरचं हर्शेलचं मचाण काढू नये. हर्शेलला जिवंत असेपर्यंत तिथे बसू द्यावं, मात्र स्वतःच्या लायसन्सवर.

ही अट का, ते सांगते. आमच्याकडे प्रौढ रहिवाशाला वर्षाचं एक लायसन्स काढलं की सगळी शिकार त्यात येते, हरीण, टर्की, बदक, खारसुद्धा. हरणाचे टॅग, म्हणजे नावाच्या मोजक्या चिठ्ठ्या, त्याच्यासोबत मिळतात, आणि मेलेल्या हरणाला ज्याच्या नावाचा टॅग लागला, हरीण त्याचं. हर्शेलचे टॅग मोसम सुरू होतो न होतो तोच संपतात. म्हणून लग्न झाल्यापासून दर वर्षी तो माझ्याही नावाचं लायसन्स काढतो. माझी सहीही तोच ठोकतो. बंदुकीला मी हात लावला तो फक्त धूळ पुसायला, तरी पेंडीच्या दुकानात बारा फाट्यांच्या शिंगांचं एक डोकं टांगलेलं आहे आणि त्याखाली माझं नाव आहे. यात गुपित काही नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे. इथल्या निम्म्या बायका अशाच शिकारी आहेत.

ते डोकं तिथेच राहू द्यावं, खालचं नाव बदलून हर्शेलचं लावावं.

२. माझे दागिने, म्हणजे आईचं घड्याळ आणि मोत्यांचे कानातले, माझी धाकटी बहीण इमोजीन हिला. ती टेक्सासला समुद्रकाठी राहते. तिचा नवरा गेला तेव्हा तिने मला बोलावलं होतं, कायमचं. मला जायचं होतं. फार जायचं होतं. हर्शेलने नकार दिला नाही.

"जा की," नाश्त्याच्या पावांवर ग्रेव्ही ओतता ओतता तो म्हणाला. "राहा थोडे दिवस. फक्त तिकडचा पत्ता लावून घेऊ नकोस हं. इथली रहिवासी राहिली नाहीस तर लायसन्स गेलं आपलं."

"मला तिथंच राहायचंय, हर्शेल."

"अगं, मग मोसमात मी काय करू?"

हे तो चिडून म्हणाला नाही. त्याला खरोखर तो प्रश्न पडला होता, आणि माझ्याकडून उत्तर हवं होतं. डॉयल तेव्हा शाळेत होता. त्याला या माणसाच्या भरवशावर टाकून जाववेना. पुढे हर्शेलचा गुडघा गेला, मग माझं हृदय. मला कोणी कधी कोंडून ठेवलं नाही, गाडीची किल्ली दाराशेजारीच लटकत असायची. मी रोज तिच्याखाली झाडू मारला.

३. इमोजीनकडे जायचं म्हणून मी एक निळा शर्ट शिवला होता. जाणं राहिलं. मग त्याच मोसमात शिकारी मंडळींच्या कॅम्पवर जेवण घेऊन गेले तेव्हा तो घातला, नुसता पडून राहण्यापेक्षा. कॅम्पची रीत अशी, की हरणावर ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापून भिंतीला ठोकायचा. त्या दिवशी हर्शेलचा नेम चुकला होता. मंडळी कात्री घेऊन त्याच्याकडे निघाली.

"थांबा रे," तो म्हणाला. "माझे टॅग केव्हाच संपलेत. आज मी वेराच्या टॅगवर होतो. नेम हिचा चुकला."

"खरंय बुवा. कागदोपत्री वेराच," कोणीतरी म्हणालं. "वळा वहिनी, पाठ करा इकडे."

सगळे हसले. मीही हसले आणि वळले, त्याची लाज मला अजून वाटते. पाठीला कात्री थंड लागली. तो निळा तुकडा अजून त्या भिंतीवर आहे, माझ्या नावासकट. हर्शेलला बाकी सगळं मी माफ केलं आहे, हे नाही, आणि मरताना करेन अशी वाट त्याने पाहू नये.

डॉयलने तो तुकडा काढून आणावा. शर्ट माझ्या शिवणाच्या डब्याखाली आहे. लॉरीनने तो जोडून द्यावा आणि पुरताना मला तोच शर्ट घालावा. टाके दिसले तरी चालतील.

४. लोखंडी तवा लॉरीनला, मक्याची भाकरी तिलाच जमते. माझे सुरे विकून टाकावेत. हरणं मी मारली नाहीत, पण सोलली, कापली, कागदात बांधून फ्रीझरमध्ये रचली ती मीच. ते सुरे सुनेच्या हाती देऊ नयेत. तिच्या नावाचं लायसन्स डॉयलने काढलं असेल तर हे वाचून त्याला काय वाटायचं ते वाटो.

५. हर्शेलने आमच्या दोघांचा थडग्याचा दगड आधीच करून ठेवला आहे. दोघांची नावं कोरली आहेत, फक्त मरणाची तारीख घालायची बाकी. माझ्या नावाखाली त्याने शिंगांचं हरीण कोरून घेतलं आणि मला वाढदिवसाला दाखवायला नेलं. "आवडलं?" म्हणून विचारत होता.

मला त्या दगडाखाली पुरू नये. इमोजीनने तिच्या शेजारची जागा माझ्यासाठी घेऊन ठेवली आहे, मला तिथे न्यावं. परराज्यात. मग तरी मी इथली रहिवासी राहणार नाही.

६. हे सगळं पार पाडण्याचा अधिकार मी इमोजीनला देते. इथवर लिहून झाल्यावर लॉरीनने विचारलं, "वेराबाई, हर्शेल कोर्टात म्हणाला की ही सही तुमची नाहीच, तर?"

म्हणू शकेल. ताडून बघायला तो माझं लायसन्स पुढे करेल. आमच्या घरात माझी सही दुसऱ्या कशावर नाही, बँकेचंही तोच बघतो. त्या सहीशी ही सही जुळणार नाही. जी जुळत नाही, ती माझी.

वेरा नेल टॅकेट

वेराबाईंनी आमच्यासमोर स्वतः सही केली, हे आम्ही पाहिलं:
लॉरीन बॅग्वेल, पाइन फोर्क
ॲडा स्टब्लफील्ड, पाद्रीबाई, पाइन फोर्क

स्थळ: चर्चचं स्वयंपाकघर, पाइन फोर्क
तारीख: १७ नोव्हेंबर २००४