दोरवालीचा प्रश्न

प्रिय (हो, अजूनही) माहिताब,

पत्र बघून तू आधी हसणार. समोरच्या गल्लीत राहणारा माणूस, खिशात फोन असलेला, पत्र लिहितो! पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. दुसऱ्या वाक्याला आवाज चढतो, तिसऱ्याला मी फोन ठेवून देतो, आणि चौथं वाक्य, जे खरं बोलायचं असतं, ते भिंतीला ऐकवतो. कागदाचं एक बरं असतं, तो उलटून बोलत नाही. हे पाकीट तुझ्या बाबांच्या हातून येईल. सब्रीकाका म्हणाले, "जहाजावर माल पोचवतो तसं पोचवतो, न उघडता." आणि लगेच पाकीट, अजून रिकामंच, उजेडाकडे धरून बघायला लागले. मी म्हटलं, "काका!" तर म्हणे, "अरे, वजन बघत होतो."

रविवारपर्यंत तुला जपानच्या त्या विद्यापीठाला कळवायचंय, येते की येत नाही, हे मला तुझ्या आईकडून, नेअमतकाकूंकडून कळलं. काल फेरीबोटीवर भेटल्या, हातात बोरी माशांची पिशवी. मला बघून बाकावर सरकल्या आणि सुरूच झाल्या, "कागद कपाटावर पडलाय, सही नाही की काही नाही. पोरगी दिवसभर मासे साफ करते. आता शेजाऱ्यांचेही करायला घेतलेत. हातेम, खरं सांग, तू काय बोललास तिला?" मी म्हटलं, "काही नाही, काकू." माझं 'काही नाही' त्या दिवशी याच फेरीवरून अर्ध्या पोर्ट फुआदने ऐकलं होतं. "जायचं नाही म्हणजे नाही! गेलीस तर माझं तोंड बघू नकोस!" असं मी ओरडलो, आणि पक्ष्यांना घालायला आणलेला अख्खा पाव एकदम कालव्यात फेकला. एका म्हाताऱ्याने वर सुनावलं, "बाळा, तुकडे करून टाक, घशात अडकेल त्यांच्या." तू तेवढ्यातही हसलीस. त्या हसण्याने मी जास्त भडकलो. आणि तू मध्येच दोराचं काहीतरी बोललीस, तेव्हा तर डोकंच सटकलं. मला वाटलं, इथे माझा जीव जातोय आणि ही चेष्टा करतेय.

तर आता बातम्या. कॉलेज सुटलं ते सुटलंच. इस्माइलियाच्या त्या सरांच्या टेबलावर मी ड्रॉइंगची पट्टी आपटून निघालो होतो, परत जाऊन ती उचलायची माझी तयारी नाही. आई रोज म्हणते, "तुझ्या आयुष्यात एक तरी गोष्ट शेवटपर्यंत गेलेली दाखव." दाखवायला नाही, म्हणून ताट तेवढं शेवटपर्यंत संपवतो. काम मात्र लागलं. उस्ताद रिफअतचं प्लेस्टेशनचं दुकान आहे ना कालव्यापलीकडे, मासळीबाजाराच्या मागे? तिथे यंत्रं सांभाळतो. दुपारनंतर शाळेची पोरं येतात, सगळी फुटबॉल खेळतात आणि एकमेकांच्या आयांचा उद्धार करतात. सकाळी दुकान रिकामं असतं. अशाच एका सकाळी जुन्या डिस्कचा गठ्ठा लावताना एका डबीवर काय दिसलं सांग? निळा अंगरखा! तोच, पाठीवर वाकडी तलवार, केस माशाच्या काट्यांसारखे उभे. मी ओरडलोच. उस्ताद चहा सांडत धावत आले, "साप निघाला का?" मी म्हटलं, "उस्ताद, हा आमचा आहे!" म्हणाले, "तुमचा कसा? गठ्ठा माझा आहे."

तो आपल्या जुन्या खेळाचा पाचवा भाग होता. आपण पहिला खेळायचो, मधले तीन कधी आले आणि गेले, आपल्याला पत्ताच नाही. आणि माहिताब, यात अक्षरं अरबीत! गवत वाऱ्याने हलतं, घोडे खरे धावतात, प्रत्येक माणूस स्वतःच्या आवाजात बोलतो. उस्ताद मागे उभे राहून बघायचे आणि वैतागायचे, "अर्धा तास झाला, हा बोलतोच आहे. गोल कधी करणार?" मी पाच-सहा सकाळी त्यात बुडून होतो. मग एका बंदरात एक म्हातारी कप्तान भेटली. पांढरे केस, खांद्यावर दोराचं वेटोळं. ती म्हणाली, "मी भोंगा वाजवत वेळेवर पोचले नसते तर निळा अंगरखा त्या समुद्रातच राहिला असता. आणि त्याने मला जा म्हटलं नसतं तर मी पोचलेच नसते." मी कंट्रोलर खाली ठेवला. कारण मी तिला ओळखलं. ती आपली दोरवाली होती. पण आपली दोरवाली तर कुठे गेलीच नव्हती!

तुला त्या दुपारी आठवतात? तुमच्या घरातला तो खडखडणारा पंखा, काकूंची उम्मुल-खुलूलची वाटी, शिंपले चोखत चोखत खेळायचं आणि चिकट बोटांनी बटणं दाबायची. सब्रीकाका होडीतून जहाजांना भिडून खलाशांशी अदलाबदल करायचे, आणि एका जपानी खलाशाला चामड्याची गादी आणि भुसा भरलेला उंट देऊन त्यांनी तो खेळाचा राखाडी डबा आणला होता. खेळ सगळा जपानीत. पण होडीतून जहाजांशी सौदे करणारा बंबूती माणूस कुठल्या भाषेला घाबरत नाही. काका छातीवर हात ठेवून सांगायचे, "जपानी? आपल्या घरचीच भाषा." त्यांना येत होतं फक्त 'किती', 'स्वस्त' आणि 'धन्यवाद', पण तू ती छाती वारशाने घेतलीस. मी बटणं दाबायचो, तू पडद्याजवळ बसून वाचून दाखवायचीस. गल्लीतली सगळी पोरं खिडकीत लटकून ऐकायची. काय सुरेख वाचायचीस! एक वेळ सोडली तर कधी अडखळली नाहीस.

म्हणून मला खरं बघायचं होतं. मोरोक्कोच्या कुणा हौशी पोरांनी पहिला भाग अख्खा अरबीत आणून ठेवलाय, तो मी दुकानातल्या संगणकावर चढवला. पहिली सकाळ म्हणजे छळ. पाचव्या भागाच्या घोड्यांनंतर हा अंगरखा कपाटाचा खण सरकावा तसा वळतो. माणसांची तोंडं चौकोनी. नकाशा नाही, बाण नाही, कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. आणि लढाई? आपण एक वार करायचा, मग हात बांधून उभं राहायचं, समोरचा राक्षस विचार करणार, मग तो मारणार, मग परत आपण. माझ्यासारख्याला! लहानपणी हे कसं सोसलं कोण जाणे. मी कंट्रोलर फेकला. उस्ताद वर न बघता म्हणाले, "फेक, फेक. पुढचा तुझ्या दातांचा बनवून घेईन." पण दुसऱ्या दिवशी परत बसलो, तिसऱ्याही. आणि हळूहळू त्या थांबण्याचीच चटक लागली. समोरच्याची चाल पूर्ण होईपर्यंत आपल्याला काहीच करता येत नाही, बघावंच लागतं, आणि बघितलं की कळतं तो काय करणार आहे ते. आता मी मध्येच दुसरा भाग उघडून ठेवलाय, तिसऱ्याचं संगीत गुणगुणत फेरीत चढतो. उस्ताद गिऱ्हाइकांना सांगतात, "याला नवं चालत नाही, हा म्हाताऱ्यांचा वैद्य आहे."

आणि आता तुझं भाषांतर! वल्ला, माहिताब, तुला लाज कशी नाही वाटली? तो दाढीवाला, जो प्रत्येक गावाच्या वेशीवर आडवा यायचा, तो तुझ्या वाचनात कस्टमचा साहेब होता. "थांब, पिशवी उघड, बंदराबाहेर चोरून न्यायला अंगात किती शर्ट घातलेत दाखव," असं म्हणतो म्हणायचीस. आपण सगळ्यांनी मिळून त्याला काय काय शिव्या घातल्या! तो निळ्या अंगरख्याचा बाप निघाला. दर वेशीवर बिचारा विचारतोय, जेवलास का, गरम कपडे आहेत ना. मी दुकानात एकटा बसून इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग जरा वेगळंच पाणी आलं. राजाला तू मासळीबाजाराचा दलाल केला होतास, ते मात्र बरोबर होतं म्हणायचं, वागतो तसाच.

मग दोरवाली. धक्क्यावर दोर हातात घेऊन उभी, निळ्या अंगरख्याला काहीतरी विचारते, आणि खाली दोन शब्द येतात, एक निवडायचा. तेव्हा पहिल्यांदाच तू अडलीस. काका पलंगावरून म्हणाले, "अगं, धक्क्यावर दोर घेऊन उभी आहे म्हणजे विकतेय. दुसरं काय करणार? आणि पहिल्या भावाला कधी हो म्हणायचं नाही. दाब खालचं." कालव्याच्या अलीकडची असो की पलीकडची, पोर्ट सईदची पोरं आपण, हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं. मी खालचं दाबलं. तिने मान झुकवली आणि दोर आपल्याला देऊन टाकला. केवढा जल्लोष! "बघा, नाही म्हटलं की फुकट मिळतं!" काका आठवडाभर धक्क्यावर सगळ्यांना सांगत होते. नंतर शेवटच्या त्या समुद्रराक्षसाने आपल्याला दर वेळी बुडवलं. तुझ्या भावाने डिस्कला टूथपेस्ट चोळली, कुणी म्हणालं चरा गेलाय, कुणी म्हणालं नजर लागली. अख्ख्या गल्लीत तो खेळ कुणी कधी जिंकलं नाही.

आज सकाळी मी त्या धक्क्यावर पोचलो. तिथे तशीच उभी होती, चौकोनी तोंडाची. या वेळी मला वाचता येत होतं. ती दोर विकत नव्हती, माहिताब. तो तिच्या स्वतःच्या बोटीचा दोर होता, खुंट्यावरून नुकताच सोडलेला. तिचं बोलणं खाली लिहून आलं (आवाज नाही ना कुणाला त्या खेळात), "मी जाऊ ना? हो म्हणालास तर निघते. नाही म्हणालास तर हा दोर तुझा, मी इथेच आहे." आपण तिला दर वेळी नाही म्हणालो, तिचा दोर घेतला, वर आनंदाने नाचलो. आणि ती जन्मभर त्या धक्क्यावर उभी. म्हणून शेवटच्या लढाईला कुणी येत नव्हतं.

पण मी खुर्चीवरून पडायचा राहिलो तो यामुळे नाही. हे शब्द मी आधी ऐकले होते. फेरीवर, कठड्याला टेकून, पक्ष्यांना तुकडे टाकता टाकता तू म्हणाली होतीस, "हातेम, मी जाऊ ना? नाही म्हणालास तर हा दोर तुझा." आणि मी ओरडलो, "दोर? कसला दोर? मला काय बैल समजतेस?" तुला ते वाक्य कधीपासून माहीत होतं गं? कैरोत जपानी शिकायला लागल्यावर पहिल्याच वर्षी काढून वाचलं असशील. आणि काकांना तोंडघशी पाडायचं नाही म्हणून कुणाला सांगितलं नाहीस. एवढी वर्षं जपून ठेवलंस, आणि जेव्हा खरोखर विचारायची वेळ आली तेव्हा तेच काढलंस, हसत हसत, मला ओळखू येईल म्हणून. आणि मी काय केलं? सवयीने खालचं दाबलं.

तुझा कागद कपाटावर का पडलाय ते मला आज कळलं. तू माझं 'नाही' खरं धरलंस. दोर मला देऊन तू मासे साफ करत बसलीस. म्हणून हे पत्र. आपल्या साखरपुड्याची फातिहा कधी वाचायची, तू कुठल्या महिन्यात परत येणार, रोज फोन करणार की नाही, अशा अटींचा एक परिच्छेद मी लिहिला होता. तो खोडलाय, वाचायचा प्रयत्न करू नकोस. (आई मात्र मिठाईची बशी मांडून तयार आहे, आज म्हण, दोन वर्षांनी म्हण.) तुझा दोर परत पाठवतोय, पाकिटात मावला नाही, म्हणून पाकीटच त्याने बांधलंय. काका आता वजन करतील ते त्याचंच. सोड तो, आणि कागदावर सही कर. आज सकाळी त्या धक्क्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा वरचं दाबलं. बोट निघाली, मी ती टिंबाएवढी होईपर्यंत बघत बसलो. शेवटची लढाई मी खेळलेली नाही, खेळणारही नाही, राक्षसासमोर तसाच उभा आहे, कारण दोरवालीच्या बोटीचा भोंगा वाजेल तेव्हा मला तू शेजारी हवी आहेस. तर हो, माहिताब. हो. जा. माझी चाल झाली, मी हात बांधून उभा आहे. आता चाल तुझी.

तुझाच,
निळा अंगरखा नसलेला,
हातेम