खोडलेला परिच्छेद परत घाल

सूनबाई,

निबंध द्यायला निघण्याआधी हे वाच. राखेत बी जपून ठेवण्याचा तुझा परिच्छेद मी काल खोडला, कारण त्याला पुस्तकाचा आधार नव्हता. "मामा, माझी माय खोटं बोलती का?" असं तू विचारलंस. चूक माझीच असावी. ग्रंथालयात खात्री करायला चाललोय, पण माझी वाट पाहू नकोस. कॉलेज दुपारनंतर निबंध घेत नाही. परिच्छेद परत घाल. मायचे शब्द अवतरणचिन्हांत दे आणि शेवटी संदर्भात त्यांचं नाव, मुरुड गाव, सांगितल्याची तारीख लिही. तेवढी ओळ मीच लिहून ठेवणार होतो. पण आजवर नुसतं विहीणबाई म्हणत आलो, त्यांचं नाव मला ठाऊकच नाही.

मामा