वाहिनीचा काना

तीर्थस्वरूप वहिनी,

लांबूनच दंडवत, कारण हाताला उंदरांचा वास आहे. तुमचा गुडघा कसा आहे हे विचारायला किती फोन केले, पण तुम्ही उचलत नाही. शेवटी दादाला खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. तुमचे हात पिठात होते म्हणून माझं मागचं पत्र त्याने मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे, तेही चष्म्याशिवाय. त्यात मी माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं, की आमची वाहिनी जन्मापासून बिघडलेली आहे, तोंड कधी उघडावं आणि कधी मिटावं याचं तिला भान नाही, आणि ती कायमची बंद केली तर काय होतं ते मला पाहायचं आहे. दादाने नेमका काना गिळला. (तुम्ही नुसता अबोला धरलात. मी असते तर भांडी आपटली असती.)

तर ही वाहिनी म्हणजे पेशीच्या आवरणातलं दार. त्यातून कॅल्शियम आत जातं (तुम्ही हाडांसाठी गोळ्या घेता तेच), आणि मग मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. जनुकात फेरफार करून हे दार बिघडवलेले उंदीर आम्ही वाढवतो. बिचारे चालताना झोकांड्या खातात. त्यांना अरुंद पट्टीवरून चालवायचं आणि कुठे पडतात ते पाहायचं, हे माझं काम. (याला पीएचडी म्हणतात.) खाली जाड गादी असते, तरी माझा सहकारी ओंजळ धरून बसतो, कुणाला लागू नये म्हणून. सगळे त्याला झेल्या म्हणतात. हे दार बंद ठेवणाऱ्या नव्या औषधाने काहीच फरक पडेना, तेव्हा सर प्रयोग गुंडाळायची भाषा करू लागले.

आणि काल सकाळी आमची सगळ्यात धांदरट उंदरीण पट्टीच्या मधोमध थांबली, तिने सावकाश मिशा साफ केल्या आणि ती सरळ पलीकडे गेली. निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यातली तर उचलली नाही ना, म्हणून कानावरची खूण पुन्हा पाहिली. तीच होती. सर चहा सांगायला गेले. मला रडू आलं. माझ्या फसलेल्या प्रयोगांची रडगाणी आजवर तुम्हीच ऐकलीत, आणि पहिली चांगली बातमी सांगायला तुम्हीच नाही, हे काही बरं वाटत नाही.

फोनकडे डोळे लावून बसलेली,
तुमची नणंद

ता.क. हे पत्र स्वतः वाचा. दादाच्या हाती देऊ नका, चष्मा असला तरी.

आणखी एक ता.क. झेल्याला यापुढे तुम्हाला वहिनी म्हणायचं आहे, आणि मलाही तेच हवं आहे. आईला आणि दादाला तुम्हीच सांगा, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. (इथे काना सुटलेला नाही. तपासून लिहिलं आहे.)